परवा येऊन गेले

उत्तमराव मीनाच्या दारात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "जय भीम, ताई. बॉडी आणलीय."

समोरच्या फ्लॅटमधल्या इंदुताई तेव्हाच कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवत होत्या. त्यांच्या हातातलं झाकण निसटलं आणि घरंगळत जिन्याच्या कडेला जाऊन बसलं.

"अगं बाई! कुणाची?"

"उदयसाहेबांची," उत्तमरावांनी सरळ सांगितलं.

इंदुताईंनी भिंत धरली. मीनाला एकदम हसू फुटलं. "अहो, गाडीची बॉडी, इंदुताई. खेळातल्या गाडीची. उदय पुण्यात ठणठणीत आहे."

"असलं तिन्हीसांजेचं बोलतात का हो?" इंदुताई झाकण उचलून आत गेल्या आणि दार जरा जोरातच लावलं.

मीना अजून हसत होती. आपलंच हसणं तिला त्या बोळात परकं वाटलं, बऱ्याच वर्षांनी आलेल्या पाहुण्यासारखं. हसायला दुसरं माणूस लागतं, आणि हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या या घरात ते नव्हतं.

उत्तमरावांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढून तिच्यापुढे धरली. गाडीचं नुसतं कवच. पातळ, पारदर्शक प्लास्टिकचं, तळहाताहून थोडं लांब. बॉनेट होतं, टप होता, चाकांवरच्या कमानी होत्या, फक्त रंग नव्हता. पाण्याला गाडीचा आकार आला असता तर असाच दिसला असता.

सिकंदराबादेत अशा गाड्यांचा एक क्लब होता. लाकडी ट्रॅकला बारीक खाचा, खाचेच्या दोन्ही कडांनी विजेच्या पट्ट्या. हातातलं बटण दाबलं की गाडी खाच धरून सूं करत पळते, आणि वळणावर बोट सैल सोडलं नाही तर उडून बाहेर पडते. मीनाचा नवरा उदय दर रविवारी तिथं जायचा. तो गाडी पळवायचा आणि मीना गाडीची बॉडी रंगवायची. जामबागेतल्या शाळेत ती चित्रकला शिकवते, ब्रशाला हात बसलेला होता. उत्तमराव रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, ट्रॅकची वायरिंग आणि हॉलची किल्ली त्यांच्याकडे. उदय पुण्याला गेला, तशी मीनाही तिकडे फिरकली नव्हती.

"हॉल बदलला ना आपण," उत्तमराव खुर्चीत टेकत म्हणाले. "नव्या जागी सामान लावत होतो, तर ही हाताला लागली. परवा साहेब आले होते ना, तेव्हा माझ्याजवळ देऊन गेले. 'मीनाला द्या, रंगवून ठेवू दे, मी येतो पळवायला' बोलले. मी बी असला येडा, कुठं ठेवली तेच विसरलो."

मीनाचं हसू ओठांवरच थांबलं. "परवा?"

"हौ, परवा."

"तुमच्याकडे आला होता? ट्रॅकवर?"

"मग! चहा पण घेतला. आमच्या पंचफुलाच्या हातचं धपाटं खाल्लं. जरा घाईत होते, काय की." उत्तमरावांनी पाण्याचा पेला रिकामा केला. "रविवारी नव्या हॉलात पहिली रेस आहे, ताई. तुम्ही यायलाच पाहिजे. नक्को बिक्को काही बोलू नका."

"येईन," मीना म्हणाली.

उत्तमराव गेले. मीना बॉडी हातात धरून बसून राहिली.

आज गुरुवार. परवा म्हणजे मंगळवार. मंगळवारी उदय या शहरात होता. स्टेशनावर उतरला असेल, सिकंदराबादेत चहा प्यायला असेल, धपाटं खाल्लं असेल. आणि इथे, मेट्रोनं चार घोट चहाच्या अंतरावर, ती होती. मंगळवार तिनं घडी मोडल्या साडीसारखा पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला. शाळेतून आली होती, केस धुतले होते, पोरांची चित्रं तपासत गॅलरीत बसली होती. त्या चित्रांमध्ये एकानं सूर्याला मिशा काढल्या होत्या. ती मिशांकडे बघत होती तेव्हा तो चहा पीत होता का?

फोन करून विचारायला काय लागतं? पण तेच तर लागत होतं, जे त्या दोघांकडे उरलं नव्हतं.

भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणाला टोक असतं, तिथून धरून सोडवता येतं. उदयला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. शाळेचं वर्ष संपलं की मीनानं जायचं असं ठरलं. वर्ष संपलं. शाळेनं आणखी एक वर्ष राहा म्हटलं, तिनं उदयला विचारलं, तो म्हणाला, "बघ, तुला काय वाटतं ते." ती म्हणाली, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "तू ठरव." आणि तिथंच ते दोघं उभे राहिले, एकाच दारात आधी कोण जाणार म्हणून थांबलेल्या दोन भिडस्त माणसांसारखे. दारावरून किती ऋतू निघून गेले. आता रोज एक संदेश यायचा, "जेवलीस का?" ती लिहायची, "हो. तू?" तो लिहायचा, "हो." तेवढ्या तीन ओळींवर एक संसार टांगलेला होता.

आणि आता हे. गावात येऊन घरी न येणं. तिला आधी राग आला, मग रागाच्या पाठीमागून दुसरंच काही आलं. तो घरी आला नाही, पण बॉडी ठेवून गेला. मीनाला द्या म्हणाला. सरळ सांगायला जीभ रेटली नसेल, म्हणून हे पारदर्शक कवच पुढे धाडलं असेल. तू रंगव, मग मी येतो. उदय असाच होता. लग्न ठरताना सुद्धा होकार सांगायला त्यानं स्वतः न येता आंब्याची पेटी पाठवली होती.

मग आपणही विचारायचं नाही, तिनं ठरवलं. रंगवून ठेवायची. येऊ दे त्याला रविवारी.

गॅलरीतला रंगाचा डबा उघडला तेव्हा आतून कोंदट वास आला. बाटल्यांमधले रंग दह्यासारखे बसले होते. एअरब्रशच्या नळीत मागच्या कुठल्यातरी गाडीचा लाल वाळून राहिला होता. ती तारेनं नळी साफ करत बसली, आणि कितीतरी दिवसांनी टीव्ही लावायला विसरली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती कोटीच्या बाजारातल्या मागच्या गल्लीत गेली. या बॉडीला साधा रंग चालत नाही, प्लास्टिक वाकलं की पापुद्रे निघतात. प्लास्टिकसारखाच वाकणारा रंग लागतो. दुकानदारानं तिला ओळखलं.

"बहुत दिनों बाद, मॅडम. साहब का वही लाल देऊं?"

"नको," मीना म्हणाली, आणि स्वतःच चमकली. "हिरवा दाखवा. कच्च्या चिंचेसारखा."

"चिंचेसारखा," दुकानदारानं बाटल्या सरकवत मान हलवली. "आप लोगां रंग बी खाने की चीज देखके लेते."

तिला पुन्हा हसू आलं. परत येताना तिनं गवार घेतली. गवार ती स्वतःसाठी कधी करत नसे, शिरा काढत बसायचा कंटाळा. उदयला मात्र शेंगदाण्याचं कूट घातलेली गवार लागायची. मेट्रोत पिशवी मांडीवर घेऊन ती उभ्या माणसांकडे बघत होती. गर्दीतली प्रत्येक पाठ कालपासून थोडी थोडी उदयची झाली होती.

रात्रीचा संदेश आला. "जेवलीस का?"

तिनं तो पुष्कळ वेळ पाहिला. या शब्दांच्या पाठीमागे आज काहीतरी आहे, असं तिला वाटलं. येतोय म्हणून सांगायचं नाही, अचानक उभं राहायचं, असा बेत असेल. तिनं लिहिलं, "हो. तू?"

"हो."

शनिवारी सकाळीच तिनं बॉडी साबणाच्या पाण्यात धुतली. बोटांचं तेल लागलेलं असलं तर रंग धरत नाही. मऊ कापडानं टिपली, उन्हात पालथी ठेवली. खिडक्या पारदर्शक राहायला हव्यात, म्हणून त्यांवर आतून टेप लावून पातीनं कडेकडेनं कापली. इथवर हात आपोआप चालले. मग ती थांबली.

ही बॉडी बाहेरून रंगवत नाहीत. रंग सगळा आतल्या अंगानं द्यायचा. म्हणजे बाहेर खरचटलं, आपटलं तरी रंगाला धक्का नाही. पण मग सगळा क्रमच उलटा होतो. कागदावर आधी आभाळ रंगवतात, मग त्याच्यावर पाखरू. इथे आधी पाखरू काढायचं, मग त्याच्या पाठीमागे आभाळ. जे सगळ्यांत वर दिसायचं ते सगळ्यांत आधी. अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी काढायची, म्हणजे बाहेरून सुलटी दिसतात. आणि एकदा काढलं की काढलं. त्याच्यावर काही गिरवता येत नाही. नंतरचं सगळं त्याच्या मागेच जाऊन उभं राहतं.

नव्यानं शिकत होती तेव्हा क्रम चुकू नये म्हणून मीनानं एक ओवी जुळवली होती. तिची आई रांगोळी काढताना असंच काहीबाही जुळवायची. ती ओवी आता आपसूक ओठांवर आली:

*आधी रेघ, मग रंग, मग रंगामागं रात,*
*शेवटी जे दिसायचं, आधी घ्यावं ते हातात.*

शेवटी काय दिसायचं? पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर ती नेहमी उदयचं नाव लिहायची. ते नाव उलटं लिहायचा तिला इतका सराव होता की सरळ लिहिताना कधी कधी हात अडायचा. शाळेच्या कुठल्याशा फॉर्मवर पतीचं नाव लिहिताना एकदा 'य' उलटा पडला होता.

पांढऱ्या रंगात बारीक ब्रश बुडवून ती बसून राहिली. नाव लिहिलं तर ही त्याची गाडी. नाव न लिहिता हिरवा फवारला तर मग कधीच लिहिता येणार नाही. खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी तेलुगूत हुज्जत घालत होता. इंदुताईंच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ब्रशाच्या टोकावरचा थेंब सुकत आला, तिनं पुन्हा बुडवला.

मग श्वास रोखून तिनं लिहिलं. उजवीकडून डावीकडे, उलटा उ, उलटा द, उलटा य. वर शिरोरेघ. बॉडी पलटून पाहिली. सुलटा उदय तिच्याकडे बघत होता.

पुढचं सोपं होतं. बाजूनं एक पिवळी रेघ घेतली. मग हिरवा, एकदम नाही, धुक्यासारखा, थरामागून थर, मधे मधे वाळू देत. शेवटी पाठीमागे ओवीतल्या रातीऐवजी पांढरा दिला, कारण पाठीला पांढरा नसला तर उजेडात हिरवा विरळ दिसतो. दुपारभर ती गॅलरीत होती. नाकाला फडकं बांधलेलं, नखांत चिंचेचा रंग. संध्याकाळी टेप सोलून काढली, तेव्हा खिडक्या लख्ख उघडल्या. वाकड्या कात्रीनं चाकांच्या कमानी कापून घेतल्या. तिनं गाडी हातावर धरून दिव्याखाली फिरवली. इतकी सुंदर तिच्या हातून आजवर झाली नव्हती.

बिछान्यावर तिनं धुतलेली चादर घातली, दोन्ही उशांना अभ्रे घातले.

रविवारी ती मेट्रोनं सिकंदराबादला गेली. नवा हॉल एका शिकवणीच्या वर्गाच्या वरच्या मजल्यावर होता. जिना चढतानाच गाड्यांचा आवाज कानी आला, पुष्कळ भुंगे एका डब्यात कोंडल्यासारखा.

"आल्या बाई!" पंचफुला, उत्तमरावांची बायको, दारातच भेटली. तिनं मीनाचे दोन्ही हात धरले. "किती वाळलात हो ताई. घरात खाणारं माणूस नसलं की चुलीला बी आळस येतो, मला म्हाईत हाय. बसा हितं."

हॉलमध्ये पूर्वीइतकी माणसं नव्हती. दोघंतिघं जुने, बाकी नवे चेहरे. उत्तमराव ट्रॅकखाली अर्धे घुसून तारा जोडत होते. त्यांची भाची पिंकी, बँकेत नोकरीला असलेली, हातात बटण घेऊन रिकाम्या खाचेत गाडी पळवून बघत होती. मीनानं दार दिसेल अशी खुर्ची घेतली. गाडी उत्तमरावांनी मागून घेतली, तिच्या खाली चाकंमोटरचा सांगाडा पिनांनी बसवला आणि टेबलावर ठेवली.

पंचफुला नाश्त्याच्या ताटल्या लावत गुणगुणत होती. ती कुठंही असो, हात चालले की गळा चालायचा.

*गाडी गेली सिकिंद्राला, रूळ राहिले जागेला,*
*जाणाऱ्याचं नाव घेते राहणारीच वाऱ्याला.*

"अगं ए," ट्रॅकखालून उत्तमराव ओरडले, "रेस आहे इथं, भजन नाही."

"तुमचं डोकं आत हाय तवर गाते. बाहेर आलात की गप बसते," पंचफुला म्हणाली, आणि टेबलापाशी येऊन गाडीवर वाकली. तिनं पट्टीवरचं अक्षर अन् अक्षर लावून वाचलं, मग पदर तोंडाला लावून हसली. "ताई! नाव घेतलंय की गाडीवर! उखाणा राहिला तेवढा."

मीना लाजली. या वयात लाजता येतं हे तिला ठाऊक नव्हतं.

पहिली फेरी झाली. दार उघडलं, चहावाला आला. दुसरी फेरी झाली. दार उघडलं, कुणाचा तरी मित्र हेल्मेट काखेत घेऊन आला. प्रत्येक वेळी मीनाची पाठ ताठ व्हायची आणि मग हळूहळू खुर्चीला टेकायची.

उत्तमराव हात पुसत आले. "ताई, ही कोण पळवणार? नाव कुणाचं टाकू?"

"येईल ना तो. त्याचंच टाका."

"कोण?"

"उदय."

उत्तमरावांचा चेहरा उजळला. "साहेब येणार? आज? अन् सांगितलं नाही तुम्ही! ए पिंकी, ती बरी खुर्ची आण गं तिकडची."

"मी काय सांगणार?" मीना हसून म्हणाली. "तुम्हीच तर निरोप आणलात. परवा आला होता, मी येतो पळवायला म्हणाला, म्हणून."

उत्तमराव तिच्याकडे बघत राहिले. पिंकी खुर्ची घेऊन अर्ध्यावर आली होती. पंचफुलाच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"ताई," उत्तमराव हळू म्हणाले, "परवा म्हणजे… परवा हो."

"मंगळवारी."

"मंगळवारी कशाला येतील? ते पुण्याला गेले, त्या टायमाला. सामानाचा ट्रक पुढं पाठवला, अन् इकडनं स्टेशनला गेले. तेव्हा बॉडी देऊन गेले. ते परवा."

"त्याला तीन वर्षं झाली, उत्तमराव."

"हौ ना. परवाच की ते." त्यांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. "आमच्यात काल म्हणजे काल. त्याच्या मागचं सगळं परवाच बोलतात. हितं समदे असंच बोलतात, ताई."

पंचफुलानं ताटली आपटली. "तुमच्या तोंडाला काही दिवसमान हाय का नाही? ह्या माणसाचं लगीन बी परवाच झालंय, अन् ह्यांच्या आज्यानं देगलूर सोडलं ते बी परवाच. त्या पुण्याच्या बाई. त्यांना परवा म्हणजे परवाच वाटणार ना!"

"मला काय ठाऊक," उत्तमराव पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. "ताई, माफी करा. मी तर नुसतं…"

"नाही नाही," मीना घाईनं म्हणाली. "तुमची काय चूक? माझंच." आणि खरंच तिला त्यांच्यावर रागावता येईना. इतक्या वर्षांत हैदराबादेनं तिच्या तोंडात 'हौ' घातलं होतं, 'नक्को' घातलं होतं. 'परवा' तेवढं पुण्याचंच राहिलं होतं. "मी आलेच. जरा बाहेर."

जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती. खाली भाजीच्या गाड्या, पलीकडे रेल्वे कॉलनीची झाडं. ऊन कलतीला लागलं होतं. तिनं उदयचं नाव काढलं आणि संदेश न लिहिता फोन लावला. शेवटचा त्याला फोन केला तो कशासाठी, हे तिला आठवेना.

"हॅलो? मीना? काय गं, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. उत्तमरावांकडे एक बॉडी ठेवली होतीस तू. जाताना."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "हो… ठेवली होती खरी. मिळाली का तुला?"

"आत्ता मिळाली. रंगवली."

"रंगवलीस?" त्याचा आवाज जरा तरुण झाला. "कुठला दिलास? लाल?"

"हिरवा."

"हिरवा!" तो हसला. "बरा दिसतो का?"

"छान दिसतो. उदय, तू म्हणाला होतास, मी येतो पळवायला."

"म्हणालो असेन."

"येणार आहेस का तू?"

"आज? आज कसा…"

"आज नाही रे. परत. येणार आहेस का?"

कुकरची शिट्टी झाली. "एक मिनिट हं," तो म्हणाला, "गॅस बंद करतो." त्याची पावलं गेली, आली. लहान कुकर होता. एका माणसाच्या भाताची शिट्टी कशी असते ते तिला चांगलं कळत होतं.

"मीना."

"बोल."

"तेव्हा खरंच येणार होतो गं मी."

"तेव्हाचं नाही विचारलं."

खाली भाजीवाली गिऱ्हाइकाला सांगत होती की टोमॅटो दाबू नका.

"नाही," उदय म्हणाला. "नाही येणार. मला वाटलं होतं तुला कळलं असेल."

"कळलं होतं. कुणी बोललं नव्हतं."

"तू येशील असंही वाटायचं मला. पहिल्या पहिल्यानं."

"बोलावलं नाहीस."

"नाही बोलावलं." पलीकडे ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. "रडतेयस का?"

"नाही. जिन्यात उभी आहे. येजा चालू आहे इथे."

"जेवलीस का?"

मीनानं कपाळ खिडकीच्या गजाला टेकलं. गज उन्हानं कोमट झाला होता. "नाही जेवले," ती म्हणाली. "गवार केलीय सकाळी. खूप झालीय."

"ठेवू?" तो म्हणाला. "ठेव," ती म्हणाली. फोन बंद झाल्यावरही तिनं तो कानालाच धरून ठेवला. कानात ऐकू येणारं काहीच नव्हतं, पण हात खाली घेतला की सगळं संपलं असं होणार होतं. वरून कुणीतरी धाडधाड उतरलं, "साइड, आंटी," म्हणालं. तेव्हा तिला हात खाली घ्यावाच लागला.

पदरानं डोळे टिपून ती वर गेली. घरी जाता आलं असतं. पण घरी ती चादर होती, दोन उशा होत्या. त्यांच्याकडे एकटीनं जायला अजून थोडा वेळ हवा होता.

हॉलमध्ये तिच्याकडे कुणी मुद्दाम पाहिलं नाही. पंचफुलानं मात्र खुर्चीजवळ चहा झाकून ठेवला होता. हिरवी गाडी टेबलावर तशीच होती, आणि पिंकी तिच्यावर वाकून पट्टी वाचत होती. पिंकी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी बोलायची फडाफडा, वाचताना मात्र बोट लावायची.

"उ… द… य. उदय. आंटी, उदय म्हणजे सूरज निकलना, ना?"

मीनानं पट्टीवरच्या नावाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "तेच."

"एकदम मस्त नाव ठेवलंत गाडीचं. कोण पळवतंय हिला?"

उत्तमराव लांबून डोळे मोठे करून भाचीला गप करू पाहत होते. मीनानं ते पाहिलं.

"तू पळव," ती म्हणाली.

"खरंच? मी लई उडवते हां गाड्या. मामा शिव्या देतो."

"उडव."

गाड्या ओळीत लागल्या. उत्तमराव कडेकडेनं मोजत फिरले आणि लांबच्या वळणापाशी थांबले. त्या वळणावर कुणीतरी उभं राहावं लागतं. गाडी खाचेतून उडून पडली की तिला उचलायचं, पुन्हा खाचेत ठेवायचं, आणि दुसऱ्या गाड्या येण्याआधी हात काढून घ्यायचा. पळवणारा आपल्या जागेवरून हलू शकत नाही.

"वळणावरचा मुरली आलाच नाही आज," उत्तमराव म्हणाले, कुणाकडेच न बघता. मग घसा खाकरून, "ताई… तुम्ही उभ्या राहता का तिथं? म्हणजे, वाटलं तर. उगाच परेशान नका होऊ."

मीनानं चहाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि पदर खोचून वळणावर जाऊन उभी राहिली. तिथून दार दिसत नव्हतं.

करंट सुटला. गाड्या समोरच्या सरळ रेषेतून आल्या, रंग ओळखू येण्याआधीच वळून गेल्या. वाऱ्याची झुळूक तिच्या मनगटाला लागली. दुसऱ्या वेढ्याला निळी उडाली, तिच्या पायाशी पडली. तिनं उचलली, खाच शोधली, ठेवली. कुणीतरी लांबून "थँक्यू, मॅडम" ओरडलं. मग एक पिवळी. मग पुन्हा निळी. हात शिकत होते. डोळ्यांत मधूनच पाणी यायचं आणि खाच दोन दिसायची, मग ती बोटानं चाचपून खरी कोणती ते बघायची.

मग हिरवी आली, वळणावर जराही न थांबता आली, आणि भिंतीवर आपटून उलटी पडली. चाकं वर, फिरत.

"आंटी! आंटी, जल्दी! मी शेवटची होईन!"

"अगं हो, थांब की जरा," मीना खाली वाकत म्हणाली. गाडीची मोटर तिच्या तळव्यात गरम लागत होती. "ठेवते."